पलीकडे लागलेला टीव्ही

२१ एप्रिल
विहाराच्या कोठीतला जुना टीव्ही आज घरी आणला. लाकडी, चार पायांचा, पुढे दोन सरकती दारं. हातगाडीवर मावेना, पाय अडत होते, म्हणून नुकूनची गाडी मागवली. भन्ते म्हणाले, "कोठी रिकामी करतोय, साखोन. तुझ्या दुरुस्तीच्या कामाचं निघेल ते काढ, उरलेलं सरपणाला."

दारं उघडली तर आत पालीची अंडी आणि कुंभारीण माशीची मातीची घरं. पण काच शाबूत!

गाडीतून उतरवायच्या आधीच नुकून म्हणाला, "ट्रान्सफॉर्मर आणि दोन मोठे व्हॉल्व्ह माझे, आत्ताच सांगून ठेवतो." पावसासाठी अग्निबाण उडवतात त्या जत्रेत कर्णे लावायचं काम त्याचं. त्याचा जुना अॅम्प्लिफायर गेल्या जत्रेत गुरगुरायला लागला तो लागलाच. हे भाग काढले की टीव्हीचं नुसतं कपाट उरणार. पण मी "घे" म्हणून टाकलं. माझं त्यात काय जाणार होतं?

२२ एप्रिल
ओल्या फडक्यानं पुसताना कडेला पांढरी अक्षरं निघाली — "लुन यांना पुण्य पोचावे म्हणून पत्नी पियांग यांनी दिला. बौद्ध संवत २५२१."

लहानपणी याच्यासमोर विहाराच्या ओसरीवर आम्ही सगळी पोरं बसायचो. गावात वीज नव्हती, मागे जनरेटर धडधडायचा, आवाज काही ऐकू यायचा नाही. तरी हलायचो नाही! अक्षरं तेव्हाही असतील. वाचता कुठे येत होतं.

काचेचे व्हॉल्व्ह काढून उजेडात धरले. टोकाशी आतून चंदेरी डाग असला तर जीव आहे, पांढरा पडला तर हवा शिरली. एक पांढरा. बाकी सगळे चंदेरी. इतकी वर्षं कोठीत, उंदरांच्या सोबतीला!

२३ एप्रिल
पिक्चर ट्यूबचा हीटर तुटलेला नाही, म्हणजे चित्र येऊ शकतं. मीटरचा काटा हलला तशी बायकोला, रामपायला, मोठ्यानं हाक मारली. हात पुसत धावत आली. "मला वाटलं नातू झाला," म्हणाली आणि परत चुलीकडे गेली.

२५ एप्रिल
पियांग आजी आल्या. काठी टेकत, उन्हातून, भर दुपारी.

"लुनचा टीव्ही तुझ्याकडे आलाय म्हणे."

"हो आजी. बसा, पाणी घ्या."

"मोडणार आहेस?"

मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"मोडू नको रे पोरा. तो काय बघेल मग?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. लुन आजोबांनी आयुष्यात एकदाच टीव्ही पाहिला, उबोन शहरात, दुकानाच्या काचेबाहेर उभं राहून. बघता बघता गावची शेवटची गाडी गेली. दुसऱ्या दिवशी चालत आले. "सासू जेवायला वाढेना. हा आपला हसतोय! तिथं कोणी गात होतं म्हणे, तेच सांगत बसला." पुढच्याच पावसाळ्यात तापानं गेले. आजींनी म्हशींची जोडी विकून हा टीव्ही विहाराला दिला.

"आपण दिलेलं तिकडे पोचतं. छत्री दिली, पोचली. टीव्ही दिला, पोचला. इथं मोडलास तर तिथं विझेल."

मी म्हणालो, "पण आजी, हा इथं कित्येक वर्षं बंदच आहे."

बोललो ते बोलायला नको होतं. त्या म्हणाल्या, "तरीच. हल्ली स्वप्नात येतो तो नुसता बसलेला असतो. भिंतीकडे तोंड करून."

२६ एप्रिल
उपोसथ, व्रताचा दिवस. विहारात भन्त्यांना विचारलं. ते म्हणाले, "दान देताना पुण्य घडलं, तिथंच संपलं. खोकं ते खोकं. विहाराची वस्तू मोडतोस म्हणून बदल्यात एक चांगला पंखा दे, म्हणजे तुझ्याही मनाला टोचणी नको."

"मग आजींना तसं सांगू?"

"मी या विहारात आलो तेव्हापासून सांगतोय. तुझं ऐकल्या तर बघ."

मग नेहमीसारखं आईच्या नावानं पाणी सोडलं. वाटीत थेंब थेंब पडताना बघत होतो. पन्नाशीला आलो, हे पाणी जातं कुठं असं कधी मनात आलं नव्हतं. पोचतं असं धरूनच चाललो होतो. पाणी पोचत असेल तर टीव्ही का नाही पोचणार? आणि टीव्हीला हसायचं असेल तर पाण्याचं काय?

भन्त्यांना हे विचारलं नाही. उत्तर मिळेल अशी भीती वाटली.

२८ एप्रिल
नुकूनला आजींचं सांगितलं, आधी चालू करून बघतो म्हणालो. भडकला!

"चालू करून दाखवणार काय? जुन्या लहरी सरकारनं कधीच बंद केल्या. नुसत्या मुंग्या दिसतील."

"मध्ये जोडायचा डबा आहे माझ्याकडे. आजचे कार्यक्रम त्यावर दिसतात."

"म्हणजे मेलेल्या माणसाला मालिका दाखवायच्या म्हणून जिवंत माणसांची जत्रा मुकी ठेवायची? वा रे कारागीर!"

रामपाय आतून म्हणाली, "तुझा अॅम्प्लिफायर मुका झाला तर निम्मं गाव पुण्य लाभलं म्हणेल, नुकून." तोही हसला. पण जाताना म्हणाला, "जत्रेआधी हवेत मला. दुसरीकडे मिळायचे नाहीत, तुलाही माहीत आहे."

माहीत आहे.

३० एप्रिल
कागदी कंडेन्सर सगळे गळके. बदलले. मेण पाघळून बोटांना चिकटतं, वास अजून ओसरीवरचाच! पांढऱ्या व्हॉल्व्हच्या जागी माझ्या जुन्या सामानातला बसला.

२ मे
शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून वीज दिली. बल्ब भगभगून पेटला — कुठंतरी शॉर्ट. बंद केलं. दिवस शोधण्यात गेला. तार कुरतडलेली निघाली.

४ मे
आज बल्ब आधी उजळला, मग मंद झाला, म्हणजे शॉर्ट गेला. व्हॉल्व्ह एकेक करून तांबूस होत गेले. कुबट, गरम वास. काचेवर मधोमध एक आडवी रेघ आली, थरथरली, आणि वर-खाली उघडत गेली. पूर्ण पडदा! मुंग्याच, पण किती शुभ्र, किती जिवंत मुंग्या!

रामपाय शेजारी येऊन बसली. आम्ही दोघं काहीच नसलेल्या पडद्याकडे बराच वेळ बघत बसलो. मोडायचा विचार आता माझ्याच्यानं होत नाही. नुकूनला काय सांगायचं ते बघू. उद्या डबा जोडतो आणि आजींना बोलावतो. गाण्याचाच कार्यक्रम लावीन.

५ मे
आजी धुतलेलं नेसून, डोक्यात फूल माळून आल्या. मी टीव्ही लावला. डब्याची वायर हातात होती, तेवढ्यात म्हणाल्या, "थांब." पडद्याजवळ सरकल्या. मुंग्या, खरखर.

"कोणी नाही रे इथं."

"लहरी बंद झाल्यात आजी, म्हणून. आता ही वायर —"

"तुमच्या बंद झाल्या. त्याच्या कशाला होतील? असता तर दिसला असता." आणखी थोडं बघितलं. "परवापासून स्वप्नातही आला नाही. गेला. जन्मला कुठंतरी." पदरानं काच पुसली. "बंद कर, वीज कशाला जाळतोस. नुकूनला देऊन टाक त्याचं काय असेल ते."

वायर माझ्या हातातच राहिली. पायरीशी जाऊन त्या वळल्या.

"साखोन, रोज पहाटे त्याच्या नावानं भात वाढते मी भन्त्यांच्या पात्रात. उद्या कोणाच्या नावानं वाढू?"