मी मॅनिफोल्ड उतरवला

पप्पा, तुमच्या गाडीचा इनटेक मॅनिफोल्ड मी परवा माझ्या हातांनी उतरवला. तुम्ही असता तर मला बॉनेटजवळ फिरकू दिलं नसतं, म्हणून तुम्ही नाही याचा त्या दिवशी आनंदच झाला. वाईट वाटून घ्या नाहीतर घेऊ नका, माझं काही जात नाही. पावसाळ्यापासून गाडी धड चालत नव्हती. चालू केली की इंजिनातून शीळ यायची आणि जरा थांबलं की बंद पडायची. आणि ऑल सोल्सला, मृतांच्या स्मरणदिनी, तुमच्या कबरीवर जायचं तर तुमच्याच गाडीतून, हा आईचा हट्ट. केडगावचा फिटर म्हणाला, मॅनिफोल्डचं गॅस्केट गेलंय, तिथून हवा ओढतेय, पण दिवाळीची गर्दी आहे, ऑल सोल्सच्या आत जमायचं नाही. मी म्हटलं, गॅस्केट तेवढं आणून द्या, बाकीचं माझं मी बघते. तो हसला नाही. एवढ्यावरूनच तो तुमच्यापेक्षा बरा.

खोलायला घेताना खरं सांगू, पाना दोनदा परत खाली ठेवला. या वयात, इतकी वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढून, आठ नटांना भ्यावं म्हणजे काय! पण डोळ्यासमोर तेच अंगण होतं. मी आठवीत आहे, रविवार आहे, चर्चमधली मिस्सा आटोपून तुम्ही धुतलेला बनियन घालून गाडीवर वाकलात. तुम्ही शाळेत विज्ञान शिकवता, फिटरला पैसे देणं तुम्हाला कमीपणाचं वाटतं. मला तुम्ही भिंतीवर खडूनं आकृती काढून दाखवता: ही इंजिनाची श्वासनलिका, इथून हवा आणि पेट्रोल आत जातं, चार फाटे, चार सिलिंडर. मला लई आवडतं ते. आईची पोह्यांची ताटली हातात धरून मी उभी, तुम्ही काढाल तो नट त्यात ठेवायचा, मागाल तेव्हा द्यायचा. सगळं परत जोडताना शेवटचा नट ताटलीत नव्हता.

"कुठाय?" तुम्ही विचारलंत. मला माहीत नव्हतं. तुम्ही पान्याचा दांडा माझ्या बोटांवर मारलात, ओरडला मात्र नाहीत, शाळेतही तुम्ही कधी ओरडत नसा. दुसरा नट बसवून गाडी चालू केलीत तर ती खोकायला लागली, नुसती हलायला लागली. "गिळला," तुम्ही म्हणालात. "हिच्या निष्काळजीपणामुळे इंजिनाने नट गिळला." शेजारचे बघायला आले, त्यांनाही सांगितलंत, मला पुढे उभं करून. गाडी ओढत गॅरेजला न्यावी लागली, आठवडाभर तुम्ही सायकलवर शाळेत गेलात आणि रोज निघताना माझ्याकडे एकदा बघून गेलात. त्यानंतर जे सुरू झालं ते तुमच्या अंत्यविधीपर्यंत थांबलं नाही. हिच्या हाताला यश नाही. काच फुटली, हिच्या हाताला यश नाही. दूध नासलं, तेच. दहावीनंतर मी ऑटोमोबाईलच्या डिप्लोमाचं नाव काढलं तर जेवता जेवता तुम्ही म्हणालात, "नर्सिंगला जा. तिथं काही आत राहिलं तर पेशंट ओरडेल तरी." सगळे हसले. आईसुद्धा हसली, तोंडाला पदर लावून. माझ्या लग्नात माइक हातात घेऊन जावयाला सांगितलंत, "हिच्या हातात पाना देऊ नका, आमची गाडी खाल्ली तिने." हॉलभर हशा. मीही हसले की! नवरीनं काय करायचं?

तुमचं ऐकून नर्सिंगला गेले आणि बघा गंमत, थिएटरमध्ये माझं नाव झालं. पोट शिवण्याआधी आतले मॉप मोजायचे असतात, रक्त टिपायची फडकी हो, ती मोजायचं काम माझं. एक जरी कमी भरलं तरी मी मोठमोठ्या सर्जनला थांबवते, "सर, शिवायचं नाही." शिव्या खाते, पण शिवू देत नाही. सगळे म्हणतात, सिस्टर किती काटेकोर. मला माहीत होतं ते कुठून आलंय. ज्या मुलीनं इंजिनात नट पाडला ती आणखी काय करणार? मी ते कबूल करून बसले होते, पप्पा. तुमच्यावर राग होता तो मारल्याचा, माझं हसं केल्याचा. नट माझ्याच हातून पडला याबद्दल मला कधी शंका आली नाही.

तर परवा. बॅटरीची वायर काढली, रेडिएटरचं पाणी सोडलं, एअर क्लीनर उतरवला. पाइप सोडवताना प्रत्येकाला दवाखान्यातली चिकटपट्टी लावून वर आकडा घातला. नट गंजलेले होते, त्यांना आदल्या दिवशीच तेल पाजलं होतं. एक एक करून सुटले. मॅनिफोल्ड कार्ब्युरेटरसकट उचलला, चांगलाच जड आहे हो, आणि परातीत ठेवला. आईच्याच. आई ओट्यावर बसून मेथी निवडत होती, परातीसाठी कुरकुरली पण उठली नाही. इंजिनाची चार भोकं उघडी पडली होती, आत कचरा जाऊ नये म्हणून मी त्यांत चिंध्या कोंबायला लागले.

"मोजून घाल बाई," आई म्हणाली. मेथीवरून मानही वर केली नाही. "त्यांची राहिली हुती आत."

"काय राहिली होती?"

"चिंधी. त्या टायमाला. फिटरनं वरचं डोकं खोललं तर आतून जुन्या बनियनचा तुकडा निघाला, जळका. लई हसला म्हनं तो फिटर."

माझ्या हातात चौथी चिंधी तशीच राहिली. "आणि नट?"

"नट तर दुसऱ्या दिशी मला झाडताना घावला. त्या चाकापाशी. मीच दिला की त्यांच्या हातात."

"मग?"

"मंग काय? खिशात टाकला. म्हनले, पोरीला बोलू नको, डोक्यावर बसंल."

मी विचारलं, इतकी वर्षं तू का नाही बोललीस? ती म्हणाली, "आता गेलेल्या मानसाचं काय काढायचं? तुझं काय वाईट झालं का? सिस्टर झालीस, पगार हाय." आणि जुडी उचलून आत गेली. पप्पा, त्या क्षणी तुम्ही समोर असता तर मी तो पाना तुमच्या बोटांवर घातला असता, आणि एकदाच नसता घातला. तुम्हाला माहीत होतं. लग्नात माइक हातात होता तेव्हाही माहीत होतं. तुमची कबर मी दरवर्षी घासते, चुना लावते, झेंडूची फुलं वाहते. त्या जागेला हात लावताना आता मला किळस येईल, हे लिहिताना काही वाटत नाही.

काम मात्र सोडलं नाही. जुनं गॅस्केट खरवडलं, रॉकेलनं सगळं पुसलं, नवीन बसवलं. चिंध्या काढल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या. मधले नट आधी, मग बाहेरचे, थोडे थोडे आवळत. पाइप आकड्यांप्रमाणे लावले, पाणी भरलं. तोवर संध्याकाळ झाली, आई चर्चमध्ये रोझरीच्या प्रार्थनेला गेली होती. चावी फिरवली. पहिल्या झटक्याला चालू झाली. शीळ नाही, खोकला नाही, बंद पडणं नाही. पांघरूण घेऊन झोपलेल्या पोरासारखी संथ चालू राहिली. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून मोठ्यानं रडले, मग बंद केली आणि हात धुतले.

आई आली तशी दारातूनच विचारलं, "झाली का चालू?" किती आशेनं विचारलं! आणि मी म्हटलं, "नाही झाली." तिला दुखावं म्हणून म्हटलं, दुसरं काही नाही. तुमच्या गाडीतून तिला तुमच्याकडे जाता येऊ नये म्हणून. मग रिक्षानं जावं लागेल आणि रिक्षात चढताना तिचा गुडघा धरतो, तेही माझ्या मनात होतं.

पण ती खाली बसली आणि चक्क हसली. समाधानानं. "मला वाटलंच हुतं," म्हणाली. "त्यांच्याबिगर कुनाला जमायचं न्हाई ते." आता शेजारीपाजारी तेच सांगत फिरतेय.

खरं सांगायला गेले तर खोटं बोलले हेही सांगावं लागेल, आणि तेवढं धाडस माझ्यात नाही. म्हणून हे तुम्हालाच लिहिलं. पाठवायचं कुठे, पण तुम्हाला गप्प बसता येतं हे आता मला माहीत झालंय. गाडी चालू झाली होती, पप्पा.