पेपर फुटला

बुलढाणा, गुरुवार

प्रिय कुलदीप,

अक्षर वाकडं आहे, कारण उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. तो शेषरावांनी मोडला, कुऱ्हाडीच्या दांड्याने. जमावाने संशोधक बाईला मारलं, एवढं तुझ्या कानावर आलंच असेल. बाकीचं माझ्याकडून ऐक.

मोताळ्याजवळच्या त्या गावात आपण उन्हातान्हात हिंडलो, तपासणीसाठी विहिरींचं पाणी भरलं, लोकांचं रक्त घेतलं. शेषरावांच्या बायकोने, सोजराबाईंनी, ठेचा-भाकरी वाढली आणि तिखटाने तुझ्या डोळ्यांना धारा लागल्या. मी हसून हसून बेजार झाले. तेव्हा तू मला फार आवडायचास. पुढे त्यांच्याच विहिरीत किडनी निकामी करणारा धातू सापडला. मी म्हटलं, उद्याच जाऊन सांगू. तू म्हणालास, मी कळवतो. नंतर फोनवर म्हणालास, कळवलं. मी विश्वास ठेवला. आपल्या संशोधनाचा पेपर छापून आला तो परदेशी जर्नलमध्ये, वाचायचा तर डॉलर मोजा. तो सगळ्यांना मोकळा कर म्हणून तुझ्या हातापाया पडले. पण तू जर्नलला हक्क लिहून दिले होतेस, आणि तुला प्रोफेसर व्हायचं होतं.

सोजराबाई दिवाळीनंतर गेल्या. त्यांची रुपाली नर्सिंग करते. आईला काय झालं ते शोधताना तिला मोबाइलवर आपला पेपर दिसला. वर त्यांच्या गावाचं नाव, खाली कुलूप. तिने बापाला दाखवलं, आणि नेमकी दुसऱ्याच दिवशी मी नव्या नमुन्यांच्या बाटल्या घेऊन दारात हजर.

"आमचं रगत नेलं बाई तुमी, अन् उत्तर कुलपात ठेवलं. माही सोजरा तेच पानी पेत राह्यली," शेषराव म्हणाले. पहिल्या फटक्यात बाटल्या फुटल्या, दुसऱ्यात मनगट. मी पडले तशी माणसं लाथांनी तुटून पडली. तोंडात रक्त आणि माती. रुपाली अंगावर आडवी पडली म्हणून वाचले. पोलिसांत तक्रार दिली नाही. मला त्यांचा राग येत नाही, तुझा येतो. तू समोर असतास तर तो दांडा मीच उचलला असता.

दवाखान्यातूनच मी अख्खा पेपर मराठीत करून रुपालीकडून गावभर पाठवला. लोकांनी विहीर काट्याकुपाट्यांनी बंद केली. परीक्षेचा फोडतात तसा समीक्षाबाईनं पेपर फोडला, असं गावात म्हणतात. जर्नलची नोटीस येईल. येऊ दे.

पण हे पत्र त्यासाठी नाही. कळवायचं काम तुझ्याकडे होतं हे कळल्यावर शेषरावांनी रुपालीकरवी मला तुझा पत्ता विचारला. मी दिला नाही. द्यायची गरजच नव्हती. पेपरच्या पहिल्याच पानावर, पत्रव्यवहारासाठी म्हणून, तुझं नाव आणि पुण्याचा पत्ता छापलाय, आणि आता तो घराघरात आहे. सोमवारी ते गाडी करून पुण्याला निघतायत. रुपाली म्हणते, दांडा सोबत असणार आहे. तू पळू नकोस, कुलदीप. त्याआधी इथे ये आणि त्यांच्या ओसरीवर बसून स्वतःच्या तोंडाने सांग, की तू कळवलंच नव्हतंस. मार पडेल. मी शेजारी बसेन.

तुझीच, म्हणूनच आधी कळवणारी,
समीक्षा