हिरव्या लुगड्यातली पाठ

तारकर्ली, ता. मालवण, जि. रत्नागिरी
९ जानेवारी १९६१

चि. सत्यवानास रुक्मिणीआक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळी खुशाल. तू कसा आहेस ते देव जाणे, गणपतीपासून तुझं पत्र नाही. हात मोडलाय का? सुतारकाम करायला बरा चालतो.

हे पत्र माझं मीच लिहितेय. शाळेतली फेलिसिदाद बाय लिहून देते म्हणाली, पण ती माझी वाक्यं धुऊन वाळत घालते, मग ती माझी राहत नाहीत. चार यत्तांत जेवढं आलं तेवढं पुरे.

बातमी अशी. बायकडे मुंबईहून सिनेमाचं मासिक येतं. बाजार उठला की आम्ही मासळीवाल्या तिच्या ओट्यावर बसतो आणि ती वाचून दाखवते. या खेपेला त्यात आलंय की नेवगी मास्तरांवर पिक्चर निघतंय. तेच रे, लढाईच्या दिवसांत दोन महिने आमच्या मांगरात, घरामागच्या खोपटात, राहून चित्रं काढायचे ते. चार वर्षांमागे वारले बिचारे. त्यांचं ‘रापणीची वाट’ नावाचं चित्र मुंबईत काचेआड टांगलंय म्हणे, आणि पिक्चरचं नावही तेच. मासिकात त्या चित्राचा फोटो आहे. होडीला टेकून एक बाई बसलीय, पाठमोरी, समुद्राकडे बघत, बाजूला टोपली. सत्यवाना, ती मी! तोंड दिसत नाही, पण लुगडं माझं, टोपली माझी, होडी आमची. सगळ्या बाजाराला सांगून झालं.

आमच्यातली सोकोरो म्हणते, गाणी नाहीत, मारामारी नाही, अर्धा तास तो माणूस नुसता समुद्र बघतो असं छापलंय, तो मला माझ्या दारातनं फुकट दिसतो. मी म्हटलं, तू नको येऊ, मी जाते. तंबूतल्या प्रत्येक सिनेमातनं मी मध्येच उठते हे खरं. शेवट काय होणार ते कळतंच, मग बसायचं कशाला. पण हे बघीन.

ते हिरवं लुगडं त्याच साली नासलं होतं. पदराला हा एवढा निळा डाग. माझ्या सासूने, यमुनाबाईने, होडीच्या रंगाचा डबा उघडा टाकला म्हणून मी तिच्याशी वर्षभर बोलले नव्हते. यमुनाबाई गेली, डाग आहे अजून.

पोरीचं, गंगूचं, लग्न वैशाखात धरलंय. शिरोड्याचा शंकर, घरची होडी आहे. त्याची आई पार्वतीबाई कडक आहे, पण बोलायला सरळ. तू चार दिवस आधी ये.

पिक्चर तुमच्याच स्टुडिओत बनतंय का, आणि माझं काम कोण करतेय, ते विचारून कळव. बारीक असली तर सांग त्यांना, मी बारीक नव्हते. माया आहे तशीच राहू दे आणि पत्र टाक.

तुझी आक्का,
रुक्मिणी

*

परळ, मुंबई
२१ जानेवारी १९६१

ती. सौ. आक्कास सत्यवानाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि. दोन्ही हात शाबूत आहेत. ज्या होडीला पिक्चरमधली बाई टेकणार, ती होडी याच हातांनी ठोकलीय. होय, तुझं पिक्चर आमच्याच स्टुडिओत आहे.

दिग्दर्शक फार कमी बोलतो. काल चित्रकार झालेल्या नटाला एकाच वाळूवरून सोळा वेळा चालवलं. सतराव्या वेळेला नट खाली बसला, तर म्हणाला, हेच हवं होतं. आमच्या चाळीत दोन तट पडलेत. वरच्या मजल्यावरचा गंगाराम पहिल्या दिवशी पहिलं तिकीट काढणार म्हणतो. बाकीचे त्याला उशी घेऊन जा म्हणतात. गंगाराम उलट विचारतो की तुम्ही गाणी ऐकायला जाता की बघायला, आणि मग जिन्यात तासभर भांडण.

तुझं काम करणारी बाई बारीक आहे. मी बोललो नाही, नोकरी आहे मला.

एक मात्र कळलं नाही आक्का. माझ्या लग्नाच्या फोटोत तुझा फक्त खांदा आलाय, कारण तू भात बघायला उठून गेलीस. नेवगी मास्तरांपुढे तू बसलीस तरी कशी?

कथा कोणालाच पुरती ठाऊक नाही. शेवटची पानं दिग्दर्शक स्वतःच्या पिशवीत ठेवतो. आमची माणसं म्हणतात, चित्रकाराचं त्या बाईवर मन बसतं. खरं काय ते शेवटच्या पानांवर.

भावोजींना नमस्कार, गंगूला आशीर्वाद. रागावलीस तरी विसरू नकोस.

तुझा,
सत्यवान

*

तारकर्ली
१६ फेब्रुवारी १९६१

सत्यवाना, आशीर्वाद. खुशाली विचारू नकोस, नाही ती.

मासिकाचा नवा अंक आला. त्यात छापलंय की चित्रकार आणि मासळीवाली यांच्या अबोल प्रेमाची ही कहाणी. वाचता वाचता बायचा आवाज बारीक झाला, तेव्हाच मी समजले. अंक शिरोड्यालाही पोचला. आणि ती मासळीवाली मी, हे सगळ्या मालवणात कोणी सांगितलं? मीच. टोपली आपटून आपटून सांगितलं.

काल दाजी आला, ज्याने हे स्थळ जुळवलं तो. पार्वतीबाईंचा निरोप असा की मुलीत खोट नाही, पण आधी पिक्चर येऊ दे, त्यात काय दाखवतात बघू दे, मग लग्नाचं बोलू. पिक्चर येणार दिवाळीला! म्हणजे मोडलंच की. वर दाजी मलाच म्हणतो, वयनी, तू तरी कशाक सांगत फिरलंस गो. चहाचं आधण उतरवून ठेवलं आणि त्याला वाटेला लावला.

गंगू जेवत नाही. शंकराने दिलेल्या बांगड्या काढून डब्यात ठेवल्यात. माझ्याशी भांडली असती तर बरं वाटलं असतं.

आता खरं काय ते ऐक. मी एकच सकाळ बसले. मास्तर म्हणाले हलू नका. अर्ध्या तासाने रापणीची हाक आली. सगळं गाव दोर ओढायला किनाऱ्यावर, जाळं वाळूला लागणार, आणि मी होडीला टेकून बसू? टोपली उचलली नि गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितलं, मला वेळ नाही, बाकीचं चित्र मनाने काढा. इतकंच. दोरीवरचं लुगडं बघून काढलं असेल असं आजवर समजत आले. गंगू तेव्हा पाळण्यात होती ते एक बरं, नाहीतर लोकांनी बोटांवर महिनेही मोजले असते.

आणि तुझे भावोजी! दर जत्रेत धयकाल्याच्या नाटकात द्रौपदी होऊन तासभर गाव रडवणारा माणूस, त्याला घरात शब्द फुटत नाही. जाळं पुढ्यात घेऊन बसतो. तुमकाय संशय आसा काय, असं तोंडावर विचारलं. नाही म्हणाले, आणि मान खाली घातली. ती मान मला आवडली नाही.

तू त्या दिग्दर्शकाकडे जा. शेवटच्या पानांवर काय आहे ते विचार. नाही सांगितलं तर मी आगबोटीने येते. मी आले तर तुझी ठोकलेली होडी जागेवर राहणार नाही.

मायेचं नंतर बघू, आधी काम कर.

रुक्मिणी

*

परळ, मुंबई
२७ फेब्रुवारी १९६१

ती. सौ. आक्कास साष्टांग नमस्कार. वि. वि. हे पत्र बसून वाच. तू बसणार नाहीस, तर निदान हातातली कोयती खाली ठेव.

दिग्दर्शकाकडे गेलो. आधी ऐकेना. गंगूच्या बांगड्यांचं सांगितलं तेव्हा उठला, पिशवी उघडली आणि एक जुनी वही काढली. नेवगी मास्तरांच्या हातची. पिक्चर त्या वहीवरून केलंय. प्रेमाचं ते मासिकवाल्यांनी आपल्या मनाने छापलं, तो स्वतःच त्यांच्यावर भडकलाय.

वहीत असं आहे की घरधनीण रापणीला पळाली ती परत बसेना. मास्तर सामान बांधून निघाले होते. तेव्हा घरधनी लाजत लाजत म्हणाला की जत्रेत बाईचं काम मीच करतो, बायकोचं लुगडं नेसून मी बसलो तर चालेल काय? नऊ दिवस बसला. तू बाजाराला गेलीस की कोणाला दिसू नये म्हणून मांगराआड बसायचा, तू यायच्या आत लुगडं घडी करून ठेवायचा. मास्तरांनी लिहिलंय, असा न हलणारा माणूस मला शहरात पैसे देऊन मिळाला नाही, आणि बाईने टोपली कशी टेकवावी हे इतक्या मायेने बघितलेला माणूसही नाही.

आक्का, ती पाठ तुझी नाही. भावोजींची आहे.

मूळ चित्र तीन दिवस स्टुडिओत आणलं होतं. जवळ जाऊन पाहिलं. उजव्या पायाला चारच बोटं. रापणीच्या दोराने भावोजींची करंगळी नेली ती गोष्ट तूच मला शंभरदा सांगितलीयस. मासिकातल्या फोटोतही दिसेल, बायचा चष्मा लावून बघ.

आणखी एक. नवव्या दिवशी वाऱ्याने निळा रंग पदरावर सांडला. घरधनी पांढरा पडला, आणि मास्तरांचे हात धरून म्हणाला की काय वाटेल ते करा पण हिला सांगू नका. मास्तरांनी शब्द पाळला. यमुनाबाईंची तेवढी क्षमा माग.

वहीच्या त्या पानाची नक्कल दिग्दर्शकाच्या सहीने सोबत आहे. शिरोड्याला दाखव. पण पिक्चर येईपर्यंत बाजारात कळता कामा नये, सगळा शेवट त्यावर उभा आहे. तुमची बहीण गप्प राहील का असं त्याने विचारलं. मी राहील म्हटलं. खोटं बोललो, तू ते खरं कर.

माझी आठवण हसताना काढ.

सत्यवान

*

तारकर्ली
१० मार्च १९६१

चि. सत्यवानास भरभरून आशीर्वाद. वि. वि. लग्न वैशाखातच. आधी हे लिहिलं, म्हणजे तुझा जीव खाली पडेल. माझा पडलाय.

तुझं पत्र वाचून मी तुझ्या भावोजींसमोर ते लुगडं टाकलं, डाग वर करून. ते इतकंच म्हणाले की तुझ्या तोंडाक भियालंय गो. सतरा वर्षं! लग्न मोडायला आलं तरी बोलला नाहीत, असं मी ओरडले. तर म्हणाले, सांगायचं तर ह्याच डागापासून सुरुवात करावी लागली असती. त्यांनी शिरोड्याला जायचं मनात धरलं होतं म्हणे, रोज सकाळी टोपी घालायचे आणि परत काढायचे. टोपी मी पाहिली होती रे. मला वाटलं दाढी करायला जातायत. रागाने हसले की हसता हसता रडले, मला सांगता येत नाही. यमुनाबाईच्या फोटोपुढे नारळ ठेवला. ती काही बोलली नाही, हिशेबाने आता तिची पाळी आहे.

दुसऱ्या दिवशी शिरोडा. दाजीला बरोबर घेतला, चहा पाजून. पार्वतीबाईंनी नक्कल वाचून घेतली, मग मासिक मागवलं, मग म्हणाल्या पाय बघू. भावोजी अंगणात, खळ्यात, पाय पुढे करून उभे, आणि पार्वतीबाई, त्यांचे दीर, जावा, शेजारीण, सगळी वाकून एकदा फोटोतला पाय बघतायत आणि एकदा खरा. शंकर मागे उभा राहून तोंडात टॉवेल कोंबून हसत होता. पोरगा बरा आहे.

पार्वतीबाईंनी पायावरची नजर उचलून भावोजींचं तोंड निरखलं. मग त्यांनी विचारलं की शिरोड्याच्या जत्रेत वीस वर्षांमागे द्रौपदी झालेला माणूस तो हाच काय? भावोजी हो म्हणाले. तर बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या की मी नवी नवरी होते, माझी सासू मला दर सणाला सांगायची, लुगडं कसं नेसावं ते त्या द्रौपदीकडून शिक. आज सापडलास मेल्या! सगळं खळं हसलं. मग त्या माझ्याजवळ आल्या, हात धरला, आणि निरोप पाठवला ते चुकलं म्हणाल्या. मी म्हटलं, बोंब मारली ती मी, चूक अर्धी माझी. गूळपाणी तिथेच झालं.

शेजारणीसकट सगळ्यांना कुणकेश्वराची शपथ घातलीय. बाजारात सोकोरो अजून डोळे मिचकावून मास्तर कसे होते विचारते. मी बांगडे मोजते. जीभ चावून चावून जेवण तिखट लागतंय, पण गप्प आहे. तुझ्या दिग्दर्शकाला सांग.

गंगूच्या हातात बांगड्या परत आल्या. तू लवकर ये, मांडव तुझ्याशिवाय कोण ठोकणार. माझी माया तू न मागता आहे.

आक्का

*

तारकर्ली
१२ डिसेंबर १९६१

चि. सत्यवानास अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पिक्चर मालवणच्या तंबूत लागलं. आम्ही सगळी गेलो. शिरोड्याहून गंगू, शंकर आणि पार्वतीबाई मुद्दाम आली. मी ते हिरवं लुगडं नेसून गेले, डाग बाहेर ठेवून.

अर्धा तास समुद्र. सोकोरो मागून म्हणाली की ह्याच्यापेक्षा माझ्या दारातला मोठा. पोरं शिट्ट्या मारत होती, दोन-चार माणसं उठून गेली. तुझ्या भावोजींनी नेहमीप्रमाणे माझी चप्पल पायाने पुढे सरकवून ठेवली, मी आता उठणार म्हणून. मी ती परत मागे ढकलली.

मग शेवट आला. ती बाई होडीपाशी पाठमोरी बसलेली. रापणीची हाक येते. ती उठते, वळते, पदर डोक्यावरून काढते, आणि गडी! घामाघूम, ओशाळा, आमच्या यांच्यासारखाच. मग कोणीतरी ओरडलं, अरे गुणाजी आपलो! आणि सगळा तंबू यांच्याकडे वळला. सोकोरोने माझ्या पाठीत धपाटा घातला की वर्षभर पोटात ठेवलंस गो, आणि तीच डोळे पुसत होती. पडद्यावर तो गडी लुगड्याची घडी घालत होता, अगदी हळू, काठाला काठ लावून. आमच्या घरात घडी कोण घालतं ते तुला माहीत आहे.

गंगारामाला सांग, उशी लागली नाही.

पिक्चर सगळं काळं-पांढरं. लुगडं हिरवं होतं आणि डाग निळा, हे अख्ख्या तंबूत आम्हां दोघांनाच ठाऊक. भावोजींनी माझ्या पदराचं ते टोक मुठीत धरलं होतं. लोक उठले, कंदील पेटले, तंबूवाला दोर सोडायला लागला. ते म्हणाले, चल आता. मी म्हटलं, बसा हो जरा.

तुझी,
रुक्मिणीआक्का