मले धर वं

बाई, विहीर वाचली! आधी हे सांगून टाकते, बाकीचं मग. आज सकाळी वाचली, आणि कोणी वाचवली म्हणाल तर तुम्हीच, जाऊन इतकी वर्षं झाली तरी. आता पदर सावरून नीट बसा, कारण मधेच तुम्ही माझ्यावर चिडणार आहात.

विहीर तीच, नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीतली, खालपर्यंत दगडी पायऱ्या उतरणारी. आम्हा नववीच्या मुलींना तुम्ही तिथं चालत नेलं होतं. 'पुस्तकातला इतिहास परीक्षेपुरता, हा हात लावून बघायचा,' म्हणालात आणि एकेकीचा हात धरून गार दगडावर ठेवलात. तो गारवा माझ्या हातातून अजून गेलेला नाही. म्हणूनच दर रविवारी मी लोकांना जुन्या नागपुरात पायी हिंडवते. हेरिटेज वॉक म्हणतात हल्ली त्याला. मोहल्ल्यातले लोक मात्र 'मॅडमची वरात' म्हणतात, आणि खोटं काय त्यात? पुढं मी माइक घेऊन, मागं टोप्या घातलेली बाहेरची मंडळी, आणि ज्यांची गल्ली ते आपले गॅलरीत उभे राहून दात घासत बघतात.

तर महिनाभरापूर्वी कळलं की मोहल्लेवाले विहिरीवर स्लॅब टाकणार आहेत. गाड्या उभ्या करायला जागा हवी. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. पुढारी कोण, तर कोपऱ्यावरचे सायकलवाले काका. त्यांना भेटायला गेले तर म्हणाले, 'काहून जी मॅडम, तुमाले फोटो काढून घरी जाचं राह्यते. डास आमाले चावून राहिले ना!' माणूस बरोबर बोलत होता. शेवटी म्हणाले, रविवारी बैठक आहे, या, सांगा काय सांगायचं ते. तर्री-पोहे आहेत, खाऊन जा.

आज गेले. विहिरीच्या काठावर सतरंज्या टाकलेल्या, पोह्यांवर तिखट रश्श्याची लाल तर्री, आणि पहिल्यांदाच सगळा मोहल्ला खाली उतरलेला. मी उभी राहिले आणि सुरू केलं, 'ही विहीर म्हणजे आपल्या स्थापत्यपरंपरेचा एक उत्कृष्ट नमुना...' अगदी तुमच्यासारखं, एकही अक्षर वाकडं नाही. लोक सभ्यपणे पोहे खात होते. एका बाईनं जांभई दिली, मग तिच्या शेजारणीनं. बाई, मी डोळ्यांसमोर विहीर हरत होते.

तुमच्या वर्गाची फार आठवण आली तेव्हा. 'मले नाही, मला. काहून नाही, का.' डस्टर टेबलावर आपटलं की खडूची धूळ उडायची. मला सगळी उत्तरं यायची, पण तोंडातून 'मले' निघेल या धास्तीनं वर्षभर मी हात वर केला नाही. तुम्हाला वाटायचं ही मुलगी मठ्ठ आहे. राग होता माझा तुमच्यावर, बाई. आणि जीवही तितकाच होता, काय करता!

आणि मग आठवली ती पायरी. सगळ्या मुली वर गेल्या होत्या, मागं तुम्ही आणि मी. शेवाळावरून तुमचा पाय सटकला आणि तुम्ही ओरडलात, 'अवं माय वं! मले धर वं पोट्टे!' मी धरलं. तुमची चप्पल पाण्यात गेली. तुमचं माहेरही इकडचंच, भिवापूरकडचं, हे तेव्हा मला कुठं माहीत? मी बघतच राहिले. चेहरा लाल झालेला, माझा हात घट्ट धरलेला, आणि तुम्ही म्हणालात, 'कोणाला सांगायचं नाही.' मग तुम्हालाच हसू फुटलं. एवढ्या वर्षांत ते मी कोणाला सांगितलं नव्हतं, घरच्यांनासुद्धा नाही.

आज सगळ्या मोहल्ल्यासमोर सांगितलं.

माइक बाजूला ठेवला, पायरीकडं बोट दाखवलं आणि तुमच्या आवाजात ओरडले, 'मले धर वं पोट्टे!' हशा असा उठला की कबुतरं उडाली. जांभई देणारी बाई ताडकन उभी राहिली. 'अवं, माही सासू तिथंच पडली होती! पोरगा झाला तवा मी विहीर पुजाले आली, तर मले धराले गेली अन् सोताच पडली!' मग कोणी थांबेना. कोणाचा हंडा अजून खाली आहे, कोणाचं लग्न इथं पाणी भरता भरता जमलं. सायकलवाले काका तर पोह्यांची प्लेट घेऊनच तीन पायऱ्या उतरले. 'ह्या इथून बापानं ढकलून देल्लं होतं मले. पोहाले शिक म्हणे, नाही तर मर!' मग प्लेट पायरीवर ठेवली आणि म्हणाले, 'गेला उडत तो स्लॅब. गाळ काढू, जाळी टाकू, मासोळ्या सोडू. डास खातीन त्या.' सगळे 'हाव, हाव' करत उठले. मले तर तिथंच नाचावंसं वाटलं.

पुढच्या रविवारी वरात नाही. गाळ काढायचा आहे, आणि गल्ली त्यांची, ते सांगतील, मी ऐकणार. निघताना काका रंगाचा डबा घेऊन आले. पहिल्या पायरीजवळच्या भिंतीवर लिहिलं, 'पायरी घसरते', आणि ब्रश वर धरून मला विचारलं, 'पुढं काय लिहू मॅडम? मले धर वं का मला धर गं?' खरं सांगते, तुम्ही मागंच उभ्या आहात असं वाटून मी वळून पाहिलं. मग म्हटलं, 'मले.'

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच. तरी लिहून झाल्यावर सगळं पुन्हा वाचून काढलं, माझ्या तोंडी कुठं नकळत 'मले' राहून गेलं का म्हणून. एक सापडलं, बाई. खोडलं नाही.