व्हिएन्नातली तुही लेकरं

ताई,

'प्रिय' लिहिणार नाई. आधीच सांगतो, रागात लिहून राह्यलो.

आज दुपारी माहं विमान आहे. भाऊजी मैत्रीले शाळेत अन नीलले बालवाडीत सोडायले गेले. बॅग भरून मी तुह्या स्वयंपाकघरात बसलो आहे. तू गेली तेव्हापासून जो तो तुह्याबद्दल गोडच बोलते. मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. काऊन नाई भांडायचं? जिवंत होती तेव्हा बोलता बोलता फोन कापायची. आता कापून दाखव!

पावसाळ्यात तू गेली. भाऊजींची सुट्टी संपली, लेकराईजवळ थांबायले कोणी नाई. आईकडं पासपोर्टच नव्हता. काढायची पाळी तू कधी येऊ दिली? माहा होता, म्हणून मी आलो. कॉलेज अर्ध्यात सोडलेला रिकामा मामा! निघताना आई एवढंच म्हणली, "लेकरं एकदा आपल्या गावाले, सावलीले आणजो बाबू. नीलले मी हात बी नाई लावला अजून."

चार वर्षांचा झाला तो, ताई! अन त्याच्या आजीनं त्याले फक्त मोबाइलमध्ये पाहिलं. दर रविवारी तुहे फोटो यायचे. नील पाळण्यात, नील ट्राममध्ये, नील पेंग्विनपुढं. आई त्याच्या गालावर बोट फिरवायची अन फोटो सरकून जायचा. मग मले हाक मारायची, "सुमेध, कुठी गेला रे हा?"

तर लेकराईले तू जिथी जिथी नेलं, तिथी तिथी मीही नेलं. राजवाड्याच्या बागेत त्या झुडपांच्या भुलभुलैयात मी हरवलो, अन ही दोघं बाहेर उभी राहून मले हसत होती. ट्राममध्ये पुढची सीट नीलचीच, दुसरं कोणी बसलं की भोकाड. नदीवर बदकं. अन तो मोठा पाळणा! केवढा गाजावाजा केला होता तू त्याचा. एकेक डबा खोलीएवढा, अन चालते कसा, तर पंक्चर झाल्यासारखा. आपल्या जत्रेतल्या पाळण्यात निदान पोटात गोळा तरी येते.

वर गेल्यावर फोटो काढला अन पायलले पाठवला. अजून एकच टिक आहे. पाहणार तरी कशी? ब्लॉक केलं तिनं मले. तूच फोन केला होता ना तिले? "माह्या भावाले मोकळं सोड, त्याले शिकू दे." तिनं सोडलं. अन मी शिकलो का? ज्या वर्गात ती दोन बाकं पुढं बसायची, त्या वर्गात मी काय पाहत बसणार होतो, फळा? पायलही गेली, कॉलेजही गेलं. वा ताई! एका फोनमध्ये दोन कामं!

आता ते बियांचं ऐक. भाऊजींनी तुह्या फोटोपुढं उभं राहून सांगितलंच असेल.

इथी रस्त्याच्या कडेला एक गाडीवाला तांबूस टपोऱ्या बिया भाजून कागदाच्या पुडीत विकते. अन पाळण्याजवळच्या बागेत तसल्याच बियांचा झाडाखाली सडा! मले हसू आलं. झाडाखाली पडलेलं वेचणाऱ्याचं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालेही माहीत असते. जंगलातली मोहाची फुलं कोणी पुडीत विकत घेते का? नीलच्या टोपीत, माह्या जॅकेटात, भरभरून वेचल्या. घरी आणून तुह्याच तव्यावर भाजल्या. एक मी खाल्ली. कडू जहर! दुसरी नीलच्या हातात होती. तेवढ्यात मैत्री शाळेतून आली अन किंचाळली, "मामा, थुंक! ते डुकरांचं खाणं आहे!"

गाडीवरच्या वेगळ्या, बागेतल्या वेगळ्या. दिसायले सख्ख्या बहिणी. मी दोनदा ओकलो. मैत्री बाजूला उभी राहून सांगत होती, "आईनं शिकवलंय. या खायच्या नाहीत, काड्या टोचून प्राणी करायचे." लेकराईले एवढं शिकवलं, भावाले एक शब्द नाई!

संध्याकाळी भाऊजी भडकले. "नीलनं खाल्लं असतं तर? आणि तू म्हणतोस मुलांना सावलीला न्या?"

"तिथलं झाडन् झाड मले माहीत आहे, भाऊजी."

"आणि करतील काय तिथं? पाळणा आहे? म्युझियम आहे? काय आहे?"

"आजी आहे!" मी ओरडलो.

तेव्हा मैत्री हळूच म्हणली, "आजीकडे वाघ आहे. तो माणसं खातो. म्हणून आपण तिकडे जायचं नसतं. आई म्हणायची."

ताई, तेव्हा तू समोर असती ना! स्वतःच्या घराचा धाक घातला लेकराईले?

वाघ आहे, मान्य. मोह वेचायले गेलेली आईची मैत्रीण परत आली नाई, ते मीही विसरलो नाई. पण वाघ काय सावलीच्या बाजारात वांगी घ्यायले येते? अन एवढी भीती होती तर आईले इथी बोलवायचं! वाघ काही विमानात बसत नाई. "आईले थंडी सोसणार नाई" म्हणे. इथल्या म्हाताऱ्या थंडीत कुत्री फिरवतात, रोज पाहून राह्यलो मी.

रविवारी मैत्रीले प्राणिसंग्रहालयात नेलं. वाघ काचेमागं झोपला होता. ती म्हणली, "आजीकडे अशी काच आहे?"

"नाई."

"मग तुम्ही काय करता?"

खोटं कशाले सांगू? म्हणलं, जंगलात एकटं जायचं नाई. चारपाच जणांनी जायचं, मोठ्यानं बोलत. खाली वाकून फार वेळ राहायचं नाई. लेकरांनी तर जायचंच नाई.

तिनं विचार केला. "म्हणजे नियम आहेत."

"आहेत ना."

"मग बाबांना का नाही सांगितलं?"

जेवताना तिनंच सांगितलं, बोटं मोजून, शाळेतल्या बाईसारखं. वाकायचं नाही म्हणल्यावर नील टेबलाखाली पडलेला चमचा उचलायले तयार होईना. भाऊजी हसले, ताई. मी आल्यापासून पहिल्यांदा. अन आज दारातून जाताना म्हणले, "उन्हाळा नको. डिसेंबरमध्ये येतो, तिघंही."

एवढं सोपं होतं! एवढ्यासाठी आई चार वर्षं काचेवर बोट फिरवत राह्यली! तुह्या पोरीले एका जेवणात जमलं, ते तुले काऊन नाई जमलं? घाबरत होती, की लाजत होती? सांगून तरी जायचं.

बरं, वचन देतो. लेकराईले जंगलाच्या कडेलाही नेणार नाई. तेवढं तुहं ऐकीन. पण ती विचारतील, आमची आई इथी काऊन नाई यायची? मी तुह्यासाठी खोटं बोलणार नाई. आई बोलेल. "तिले सुट्टीच भेटत नव्हती," असं ती साऱ्या सावलीले सांगत आली, मैत्री-नीललेही सांगेल. तेव्हा मी समोर असेन, अन माहं तोंड बंद ठेवीन.

तुह्यासाठी नाई. आईसाठी.

राग न गेलेला तुहा भाऊ,
सुमेध