दहापैकी चार

प्रिय लेनुत्सा,

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनवर हे बोलता येत नाही. फोन इलिंकाच्या हातात असतो आणि तू "अभ्यास करतेस ना गं?" एवढं विचारून मोकळी होतेस. ती "हो आई" म्हणते. माझ्यादेखत इतकं धडधडीत खोटं बोलते, की हसावं की रडावं कळत नाही.

तुझ्या लेकीला गणितात पुन्हा दहापैकी चार पडले, पास व्हायला पाच लागतात. जूनमध्ये आठवीची परीक्षा, तिच्यावरच शहरातली शाळा मिळणार की नाही ते ठरायचं. तुझ्या पैशांनी तिला खोली झाली, टेबल आलं, शिकवणी लागली, आणि बाईसाहेब खिडकीतून कोंबड्या बघत बसतात. वर्गशिक्षिकेने मला शाळेत बोलावून सुनावलं, "इटलीच्या पैशावर वाढलेली मुलं अशीच. आयतं मिळालं की शिकायची भूकच मरते." मीही मान डोलावली. बाप पळपुटा निघाला, म्हटलं, गुण तिकडचेच असणार.

शेजारची सोरिना तुला आठवत असेल, लाकूडतोड्या ग्रिगोरेची थोरली. त्यांच्या एका खोलीत वही उघडायलाही जागा नाही, म्हणून ती रोज आपल्याकडे येते. शाळेत तिच्याबद्दलही ठरलेलंच आहे, शिकून शेवटी शिवणाच्या कारखान्यातच जायचं. पण ती पठ्ठी टेबल सोडत नाही. मी इलिंकाला टोचत राहायचे, "बघ तिच्याकडे, थोडी तरी लाज बाळग!"

परवा गाईचं दूध काढून आत आले तर इलिंकाचा आवाज. "अगं ठोंबे, आधी त्रिकोणाची उंची काढ, मग क्षेत्रफळ! किती वेळा सांगू?" एकामागून एक गणितं समजावत होती, तीही न अडखळता. मी बादली हातात धरून दारातच उभी राहिले.

सोरिना गेल्यावर मी इलिंकाला मक्याच्या पिठाची गरम मामालिगा वाढली, वर आंबट साय घातली आणि सरळच विचारलं, एवढं येतं तर चार कसे पडतात? ती म्हणाली, "मावशी, मी पास झाले की शहरात वसतिगृह. मग विद्यापीठ. आई म्हणणार, आता तर पैसे लागणारच, अजून थोडी राहते. नापास झाले तर खर्चच नाही. मग ती तिथे कशासाठी राहील?"

लेनुत्सा, आम्ही जिला आळशी म्हणत होतो, ती उत्तर येत असताना मुद्दाम चुकीचं लिहीत होती. किती जीव जळत असेल गं तिचा ते लिहिताना!

आईला सांगायचं नाही, अशी शपथ तिने मला घातली होती. ती मोडून हे लिहितेय. कायमची परत ये असं मी म्हणत नाही, आपली चूल कशावर पेटते ते मला ठाऊक आहे. पण या महिन्याची शिकवणी राहू दे आणि त्या पैशांत ईस्टरला ये. तू सांभाळतेस त्या आजींना आठवडाभर दुसरं कुणीतरी बघेल. तिच्यासमोर बस आणि सांग, की तुझं परत येणं तिच्या गुणांवर अवलंबून नाही. कधी येणार ते सांग. पण खरं असेल तेच सांग, बाई. खोटं बोललीस तर पोरगी जूनमध्ये कोरा पेपर देऊन येईल, आणि तेव्हा मी तिला रागावणार नाही.

तुझीच, तुझ्यावर चिडलेली आणि तुझी वाट बघणारी,
सावेताताई