अर्ध्या गोळीचा मान

तीर्थरूप आबा,

वडीगोद्रीहून साधनाचा पाय धरून नमस्कार. गुडघा काय म्हणतो, चालताना दम लागतो का, आईशी भांडण होतं का, ते कळवा (होत असेल तर तब्येत ठीक आहे असं समजेन). इकडे सगळे बरे आहेत. मामा गेल्या आठवड्यात नव्हते, आता आहेत.

झालं असं, की त्या दिवशी तुम्ही आमच्याकडे जेवलात आणि नंतर तुम्ही आणि मामा, दोघा व्याह्यांनी आपापल्या हृदयाच्या गोळ्या काढल्या. गोळी दोघांची सारखीच. तुम्ही अख्खी टाकलीत, मामांनी नखाने तोडून अर्धी. (त्यावर तुम्ही गालात हसलात, आबा. ताटं उचलताना मी पाहिलं.) आहेराचा टॉवेल बोटभर आखूड आला तरी मामा वर्षभर लक्षात ठेवतात, इथे तर पाहुण्यापुढे हृदयच अर्ध्यावर आलं. तुमची गाडी वळली आणि त्या दिवसापासून मामा गुपचूप अख्खी घेऊ लागले.

मग एका सकाळी म्हशीला पेंड घालताना त्यांना अंधारी आली आणि ते गव्हाणीतच बसले. (म्हैस शहाणी, पेंड सोडून बाजूला उभी राहिली.) ह्यांनी त्यांना अंबडला नेलं. नाडी इतकी संथ, की डॉक्टरांनी पुन्हा मोजली. ते म्हणाले, ही गोळी हृदयाला जोर देत नाही, त्याची घाई कमी करते. जास्त झाली की ते सुस्तावतं. किती घ्यायची ते मानपान बघून ठरत नाही. थोडीपासून सुरू करायची आणि नाडी, बीपी बघत सोसेल तशी वाढवायची. कुणाचं अर्धीत भागतं, कुणाला अख्खी लागते. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

“ते बराबर हाय, साहेब. अर्धीच खातो. पण पाहुण्यापुढं तोडून खायला न्हाई जमायचं.”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तेवढ्याच ताकदीची, लहान पण अख्खी गोळी लिहून दिली. आता मामा ती तळहातावर घेऊन दारावरून जाणाऱ्यालाही दाखवतात. मला हसू येतं. पण गव्हाणीतून उठवताना त्यांचा हात फार गार लागला होता.

तुमची लेक,
साधना

ता.क. दिवाळीला टोप्या आणाल त्या तुम्हाला आणि मामांना सारख्याच आणा.

आणखी एक. काल आईचा फोन आला. पाहुण्यांचं अर्धीत भागतं तर माझं हृदय काय एवढं मोडकं आहे का, असं म्हणत परवापासून तुम्हीही अर्धीच घेता म्हणे. वरचं सगळं त्याचसाठी लिहिलं, आबा. फोनवर तुम्ही बरं बरं म्हणून आईच्या हातात देता, म्हणून ह्यांच्या हाती कागद पाठवते. डॉक्टरांना मी विचारलं. अशी एकदम कमी केली तर हृदय पुन्हा उधळतं. नेहमीचीच घ्यायची आणि तुमच्या डॉक्टरांना लगेच नाडी दाखवायची.

मामांना हे सांगितलं. रविवारी तुमच्याकडे जेवायला येताहेत. तुम्ही अख्खी घेतल्याशिवाय पंगतीवरून उठणार नाही म्हणतात. पण रविवार लांब आहे. आजची माझ्यासाठी घ्या.